नातीशी बोलायची वाक्यं

माझा लेक हवाई बेटावर नोकरीला गेला, तिथलीच बायको केली आणि गेल्या वर्षी तिथंच वारला. तो होता तोवर दर रविवारी सकाळी व्हिडिओ फोनवर मधे बसायचा. माझं नातीला सांगायचा, नातीचं मला. आता मधला माणूसच नाही. सुनेला मराठी येत नाही, पाच वर्षांची नात घरात आणि शाळेत हवाईयनच बोलते. आम्ही तिघी एकमेकींची तोंडं बघत बसायचो. मग सून फोन ठेवायची. एक दिवस हा फोन यायचाच बंद होणार, अशी भीती वाटायची.

म्हणून मोबाईलवर हवाईयन वाक्यं शोधली. अर्थ दिलेत इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी दहावी नापासाचं! ‘पेहेआ ओए’ म्हणजे हाऊ आर यू, म्हणजे बरी हाईस न्हवं. ‘माहालो’ म्हणजे थँक यू. नातीला कोण थँक यू म्हणतं, कपाळ! ‘जेवलीस का’ काही सापडेना. भाजी निवडताना, कुकर लावताना पुटपुटत राहिले.

आमचे मालक म्हणाले, “म्हातारपणी काय हे खूळ?”

मी म्हटलं, “मग तुमी बोला की नातीसंगं!”

रविवारी फोन लागला. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली माणसं, गल्लीच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला बोलणारी. माया आली की आवाज आणखी चढतो. मी जीव तोडून ओरडले, “पेहेआ ओए!” पोर घाबरून सोफ्यामागं लपली. मेलं माझं तोंड! आवाज पार खाली आणला आणि विनवलं, “हेले माइ, हेले माइ.” इकडं ये गं.

ती आली. बापाच्या माघारी पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

“आइआ इ हेआ ओ पापा?”

‘आइआ इ हेआ’ म्हणजे व्हेअर इज. संडास कुठं आहे, या वाक्यात मी ते शिकले होते. पुढच्या शब्दाचा अर्थ शोधावा लागला नाही. ती मान वाकडी करकरून माझ्या खांद्यामागं बघत होती. बाप कोल्हापूरला आपल्या आईकडं येऊन राहिलाय, असंच ती धरून चालली होती.

सगळं कळलं मला. तोंडातून मराठीच निघालं, “न्हाय गं माझे बाई. हितं बी न्हाय.”

तिला मराठी येत नाही. तरी ती रडायला लागली.