गुरूच्या वाटची बिअर

मी आयुष्यात दोनदाच बिअर प्यायले. माझ्या भावाला गिळता येत नव्हतं म्हणून.

माझे विद्यार्थी हे वाचतील. वाचू देत.

गुरू माझा धाकटा भाऊ. जामसंड्यात वाढला, केमिस्ट्री शिकला आणि पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायला लागला.

आई शेजारीपाजारी सांगायची, "फॅक्टरीत आसा."

वर्षभर तो वाळवलेले हॉप्स वापरायचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. बिअरचा कडूपणा आणि वास त्यांचाच.

पण वर्षातून एकदा, पावसाळा सरता सरता, हिमाचलातून ताजी फुलं यायची. खुडली की लगेच बिअरमध्ये पडायला हवीत, नाहीतर वास उडाला.

त्या दिवसांत गुरूला फोन करून उपयोग नसायचा. उचललाच तर म्हणायचा, "आक्का, हॉप्स इले. मगे बोलतंय."

मग घशाचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन, रेडिएशन, सगळं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आम्ही त्याला जामसंड्याला आणलं.

पोटात नळी घातलेली. आई पेज गाळून नळीतून सोडायची. चव गेली, वासही गेला. मीठ आणि साखर त्याला सारखीच.

ज्याचं सगळं काम नाकाने आणि जिभेने चालायचं, त्याचं हे.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर त्याच्यासोबत काम करणारा अभिषेक पुण्याहून गाडी घेऊन आला. थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ, बर्फात तीन बाटल्या.

"दादा, या सीझनची फ्रेश हॉप. तुमचीच रेसिपी. काही बदललं नाही."

आमच्या घरात बाटली कधी आली नव्हती. आई दारात उभी होती. आत गेली आणि ग्लास घेऊन आली.

गुरूने ग्लास उजेडात धरला. बराच वेळ रंग बघितला. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"नुसता पाणी लागता," तो म्हणाला.

अभिषेक उठून बाहेर खळ्यात गेला.

गुरूने ग्लास माझ्यापुढे केला. "आक्का, तू पी. आणि माका सांग."

"माका काय कळता रे त्यातला?"

"तुका जीभ आसा मां? पी गो."

मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली.

एक घोट घेतला. "कडू."

"तां सगळ्यांकच कळता. मगे?"

"ओल्या गवताचो वास येता."

"मगे?"

मी डोळे मिटले. वर्गात मुलांना बोलतं करते मी. आणि तिथे गुरू मला बोलतं करत होता.

"कैरीचो देठ मोडल्यावर चीक उडता मां... तसो."

त्याचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत तसा बघितला नव्हता.

"होय. आणि शेवटाक जिभेर काय रवता?"

त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "गोड."

"खोटा बोला नको गो!"

आणि तो हसला. मी पण हसले. हसता हसता त्याला खोकला लागला.

तो थांबेना.

आईने पाठ चोळली. मी उशी उंच केली. अभिषेक धावत आत आला आणि नुसताच उभा राहिला. आम्ही तिघं होतो तिथे, आणि तिघांच्याही हातात काही नव्हतं.

खोकला थांबला तेव्हा गुरू थकून डोळे मिटून पडला होता.

दुसऱ्या दिवशी अभिषेक निघाला. गुरूच्या पायाला हात लावला. गुरूला कळलं नाही, इंजेक्शनच्या गुंगीत होता.

जाताना मला म्हणाला, "ताई, उरलेल्या ठेवू नका. ही ताजीच प्यायची असते."

त्या दुपारी मी दुसरी बाटली उघडली. गुरूच्या कॉटवर बसले, एक घोट घेतला आणि थांबले. नीट थांबले, शेवटपर्यंत.

मग त्याच्या कानाशी वाकून सांगितलं.

"कडूच रवता रे. घशात. खूप वेळ जाणा नाय."

त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. हात हातात होता. हलला नाही.

त्यानंतर तो बोललाच नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

गुरू, जंय आसशीत थंय बरो रव रे.

तुझी आक्का.