कुत्र्याला वार लावून देणारे डॉक्टर

महाडपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत ‘कसे आहात?’ असं न विचारता ‘काल काय जेवलात?’ असं विचारणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पोलादपूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्याचे हे डॉक्टर. लोक त्यांना ढोरडॉक्टर म्हणत आणि त्यांना त्याचा रागही येत नसे. बैल लंगडू दे, म्हैस आटू दे, कोंबडी पेंगू दे, त्यांचा पहिला प्रश्न तोच. मी शाळामास्तर, माझा घसा बसला तेव्हाही त्यांनी घशात न बघता आमच्या स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. “वहिनी, पुन्हा वालाची उसळ?” असं म्हणून ते इतके हळहळले, की आमच्या हिनं बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते आपले रोज भिंतीपलीकडून फोडणीचा वास घेऊन मोठ्यानं अभिप्राय देतच होते.

दुसरा नाद शिकण्याचा. उजळणी वर्गाचा हुकूम आला की इतर डॉक्टर आजारी पडत. आमचे डॉक्टर नवा सदरा शिवायला टाकत. एके वर्षी मुंबईला चक्क कुत्र्यामांजरांच्या आहारावर वर्ग निघाला. त्यांचे साहेब पोट धरून हसले. “पोलादपुरात? अहो, तिथं कुत्र्याला उरलंसुरलं मिळतं, तेही उरलं तर!” डॉक्टरांनी पदरची रजा टाकली आणि गेले. परत आले ते किल्ला सर करून आल्यासारखे. एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांनी स्टँडवरच्या लूत लागलेल्या कुत्र्याच्या हिरड्या तपासल्या, आणि मग घरी येऊन पाय धुतले.

शिकलेलं दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी महाडकडच्या आपल्या जोडीदार डॉक्टरांना पोह्यांच्या आमिषानं बोलावून स्वतःच्या ओटीवर वर्ग भरवला. समोर ताटल्या मांडल्या, एकीत नुसता भात, एकीत नाचणीची भाकरी आणि ताक, एकीत सुकट. वाढत्या पिलाच्या हाडाला काय लागतं, हे ते हातवारे करून सांगत असताना आमच्या मांजरीनं सुकटीची ताटली साफ केली. मंडळी हसली. डॉक्टर मात्र हर्षानं ओरडले, “बघा, हिला वर्गाची गरजच नाही! वर्ग आपल्याला पाहिजे!”

पण या सगळ्या विद्येची खरी परीक्षा घेतली ती जवळच्या कापडे गावच्या एका काकीनं. काकी विधवा, मुलगा मुंबईला गिरणीत. घर गावाच्या टोकाला, रानाला लागून. राखणीला म्हणून तिनं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं सरदार. पुढे काकीनं गळ्यात माळ घातली, आणि घरच्या रीतीप्रमाणे सरदारही माळकरी झाला. तांदळाची पेज सकाळी, तांदळाची पेज संध्याकाळी. वाढता वाढता त्याचे पाय धनुकलीसारखे वाकले आणि मग तो उठेचना. गाव म्हणालं करणी झाली. मुलानं निरोप धाडला, की शिमग्याला येतो; कुत्रा निकामी आणि रानात बिबट्या, तेव्हा घराला कुलूप घालून तुला मुंबईला नेणार. काकी सरदारला उचलून डॉक्टरांकडे आली ती रडतच.

“डाक्टर, मी मुंबैच्या त्या खोलीत जगायची नाय. ह्याला उभा करा.”

डॉक्टरांनी अर्थातच विचारलं, काय जेवतो? उत्तर ऐकून ते जवळजवळ नाचले. “करणी कसली, पेज आहे ही! याला सुकट द्या, अंडं द्या, दूध द्या, उन्हात ठेवा.”

“माझ्या उंबऱ्याच्या आत मासळी येनार नाय,” काकी डोळे पुसत म्हणाली. “मंग मेलं तरी चालंल.”

दुसरा डॉक्टर इथं हात झटकून मोकळा झाला असता. आमचे डॉक्टर मला सायकलवर डबलसीट घेऊन कापड्याला गेले आणि त्यांनी गरीब विद्यार्थ्याला लावून देतात तसे सरदारला वार लावून दिले, रोज एका घरी जेवण. घरोघर जाऊन हात जोडले. “मी महाडला असाच शिकलो. सात घरची जेवणं जेवून मी डॉक्टर झालो. हा नुसता चालायला लागला तरी पुष्कळ!” लोक हसले आणि कबूल झाले. पण सोमवारी आणि गुरुवारी कुणाच्याच घरी मासळी शिजेना. तेव्हा सोमवार दुधाच्या घरी गेला आणि गुरुवार ताकभाकरीवर स्वतः काकीनं घेतला. सरदारला चालता येत नव्हतं, म्हणून काकी त्याला टोपलीत घालून डोक्यावरून नेई, यजमानाच्या खळ्यात उतरवी आणि त्याचं जेवण होईपर्यंत नाकाला पदर लावून पाठमोरी उभी राही. डॉक्टर वेळ मिळेल तेव्हा जाऊन सरदारच्या पायांवरून हात फिरवून येत. परत आले की मला त्या पायांचं वर्णन ऐकावं लागे. मी मुलांच्या वह्या तपासत ते ऐकत असे.

शिमग्याला मुलगा आला. आम्ही दोघं आधीच जाऊन बसलो होतो. डॉक्टरांना चहा जात नव्हता. मुलानं ट्रंक घेऊन खळ्यात पाय ठेवला मात्र, मागीलदारातून सरदार सुटला. पाय अजून थोडे वाकडेच होते, पण काय त्यांचा वेग! मुलगा ट्रंक टाकून थेट पेंढ्याच्या उडवीवर चढला.

“आये, आवर गो ह्याला!”

“मागचे पाय बघा, मास्तर! मागचे पाय!” डॉक्टर टाळ्या पिटत उड्या मारत होते. काकी कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, “आता बोल. राखन हाय का नाय?” वरून मुलानं मान डोलावली. त्या वर्षीची शिमग्याची पालखी आमच्या डॉक्टरांनीही नाचवली, आणि मी सांगतो, इतकी वाईट नाचलेली पालखी मी पुन्हा पाहिली नाही.

पुढे त्यांची बदली घाटावर झाली. निरोपाला स्टँडवर आम्ही उभे होतो, तेवढ्यात कापड्याच्या रस्त्यानं काकी येताना दिसली. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पुडकं, आणि ती काठी तिनं होता होईल तितकी अंगापासून लांब धरली होती. पुडक्यात सुके बोंबील होते.

“तिकडं घाटावर गावनार नायत,” ती म्हणाली. “मी सोता इकत घेतलं.”

डॉक्टरांनी काठीच्या टोकाचं पुडकं दोन्ही हातांनी उतरवून घेतलं आणि कपाळाला लावलं. गाडी घाटाच्या वळणाआड गेली, तशी काकी काठीसकट सावित्री नदीवर आंघोळीला गेली.