दोराचं दुसरं टोक

आमच्या वसईच्या आळीतली विहीर दर मे महिन्यात उपसणारे काका मला रोज दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. कुणी सल्ला दिला की "मना नको सांगू" म्हणतात आणि चालू लागतात.

पूर्वी विहिरीतला गाळ काका धरून चौघे जिवलग मित्र मिळून काढायचे. त्यातले तिघे बिल्डरला वाड्या विकून परदेशात मुलांकडे गेले. आता तिथून काकांना फोन करतात, "गाळ काढला का रे? फोटो टाक ना ग्रुपवर!" ऐकून माझंच डोकं फिरतं. यांना विहीर हवी, चिखल नको!

यंदा काका खांद्यावर दोर टाकून आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आले. मी म्हटलं, "काका, मित्रच गेले. आता नळ आहेत, कशाला एवढा खटाटोप?"

ते भडकले. "ते गेले, पानी गेला काय? तुमी त्यांच्याच वाडीवर राहता ना?"

मी त्यांच्यामागे निघालो. विहिरीपाशी त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात कोंबलं, दोराला बांधलेली बादली घेऊन खाली उतरले आणि आतून ओरडले, "ओढा आता! का तुमीपन फोटोच काढनार?"