शोषखड्डा आणि मानाचा नारळ

परबकाकूंचं नाव आधी लिहितो. मुलुंडच्या साइटवर त्या नसत्या, तर मी आज किनवटला परत गेलेला असतो.

शाळा मी आठवीत सोडली. मुंबईत येऊन बिगारी केली, मग हळूहळू सुपरवायझर झालो. माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडलेली ही पहिली साइट. काम सरकारी निधीचं. जुन्या वसाहतीचं आवार सुधारायचं. झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायचं, जाळीचे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि कोपऱ्यात शोषखड्डा करायचा. म्हणजे पावसाचं पाणी गटारात न जाता जमिनीत मुरावं म्हणून दगड-खडी भरलेला खड्डा. हा पैसा मार्चअखेर खर्च झाला नाही तर लॅप्स होतो, सरकारकडे परत जातो. कामाचे कॉन्ट्रॅक्टर, आमचे शेठ म्हणाले होते, "पैसा परत गेला, तर त्याच्या मागोमाग तूही गावी जा."

सगळं झालं. शोषखड्डा राहिला. नकाशात खड्डा दाखवलेला, बरोबर तिथंच सबनीस साहेबांची गाडी. साहेब बँकेतून रिटायर झालेले, गाडी बहुतेक त्यांच्याही आधी. टायर बसलेले, कव्हर कबुतरांनी रंगवलेलं.

मी हात जोडून गेलो. "साहेब, खड्डा होईपर्यंत गाडी जरा..."

"वर्क ऑर्डर दाखव."

दाखवली.

"यात माझ्या गाडीचा उल्लेख कुठाय?"

कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी इंजिनियर साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "रहिवाशांशी लफडं नको हां. समजावून सांग."

मी रोज समजवायचो, सबनीस साहेब रोज नवीन नियम सांगायचे. मार्च सरत आला.

परबकाकू तळमजल्यावर राहतात. मूळच्या मालवणच्या, पोळीभाजी केंद्र चालवतात, आमच्या माणसांना चहा त्यांचाच. त्यांनी विचारलं, "झिला, तोंड असां कित्याक केलंस?"

सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "त्येका गाडी हलव म्हणून सांगू नको. त्येका नारळ फोडूक बोलव."

"काकू, नारळ काम सुरू करतानाच फुटला की."

"तो कामाचो. खड्ड्याचो खंय फुटलो? बॅनर कर. आणि 'पर्यावरणप्रेमी' लिही, त्याशिवाय भुलायचो नाय."

संध्याकाळी गेटवर बॅनर लागला. 'शोषखड्ड्याचा शुभारंभ, उद्या सकाळी. शुभहस्ते मा. श्री. सबनीस साहेब, ज्येष्ठ पर्यावरणप्रेमी.' फोटो काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवरून काढून दिला. न विचारता फोटो छापला म्हणून हा माणूस थेट पोलिसात जाईल, असं वाटत होतं.

साहेब फिरून आले. बॅनरसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फोटो जुना आहे," ते म्हणाले. मग हळूच, "पूजा नेमकी कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू खिडकीतून ओरडल्या, "थंयच, गाडीखाली! नारळ बॉनेटवर फोडशात ना?"

साहेब गाडीभोवती एक फेरी मारून वर गेले. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी साहेब सिल्कचा कुर्ता घालून, चावी घेऊन खाली हजर. गाडी कसली सुरू होतेय! ते स्टिअरिंगवर, आमची माणसं मागून धक्क्याला. गाडी कुरकुरत भिंतीकडे सरकली. खालून एक मांजर पिल्लांसकट निघाली आणि माझ्याकडेच रागानं बघत गेली.

नारळ फुटला. साहेबांनी भाषण केलं. "हा कोपरा मोकळा व्हावा म्हणून मी किती वर्षं पाठपुरावा करतोय!" टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात काकूंच्या. माझी माणसं तेवढ्यात कुदळी घेऊन तुटून पडली. साहेबांचा विचार बदलायच्या आत जागा खणलेली बरी.

खड्डा मुदतीत झाला, बिल पास झालं, शेठनी मला पुढची साइट दिली. तेव्हापासून मी एवढं शिकलोय, खड्डा मजुरांकडून होतो, पण जागा मानपानानंच मिळते. प्रत्येक एस्टिमेटमध्ये एक बॅनर धरूनच चालतो.

गावी माझं घरकुल मंजूर झालंय. वास्तुशांतीला परबकाकूंना माहेरवाशिणीसारखं नेणार, साडी नेसवणार, आणि त्या दिवशी त्यांना चुलीजवळ फिरकूही देणार नाही. हे मी इथं लिहून देतो.