गुलाबाच्या फळांचं सार

जर्मनीहून आलेल्या दादाने आईच्या मांडीवर एक पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "गुलाबाची फळं. तुझ्या गुडघ्यांसाठी."

गुलाबाला फळ धरतं हे मला पन्नाशीत कळलं. फूल न तोडता राहू दिलं तर पाकळ्या गळून मागे बोराएवढं तांबडं फळ राहतं. तिकडे रानगुलाबाची ही फळं सुकवून चहा करतात, पाक करतात, मुरंबा घालतात. व्हिटॅमिन सी भरपूर, सांधे दुखणारे लोकही घेतात, असं दादा सांगत होता आणि आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. वीस वर्षं तिचे गुडघे मी चोळले. माझं बोलणं तिने इतकं मन लावून कधी ऐकलं नाही.

माझा धंदा आमसुलांचा. मांडवीच्या किनाऱ्यावर टोपली घेऊन बसत होते, आज एसटी स्टँडजवळ स्वतःचं दुकान आहे. पाकिटात फळांच्या सुकलेल्या फोडी होत्या. एकीची साल मी कडेने चाटून बघितली. आंबट, थोडी तुरट.

"कितीला घेतलीस?"

त्याने सांगितलं.

"गंडवलं तुला. निम्म्यात आणली असती मी."

"तू समुद्राच्या वाऱ्याचाही भाव करशील," तो म्हणाला. आई पोट धरून हसली.

आठ दिवसांनी तो गेला. स्टेशनावरून त्याचा फोन आला. ती फळं कशी करायची ते सांगायला लागला.

"आंबट फळ कसं वापरायचं ते मला शिकवतोस?" म्हणत मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी मी सार केलं. मला दादाच्या चहापेक्षा सरस काहीतरी करून दाखवायचं होतं. आमसुलं भिजवतो तशा फोडी भिजवल्या, हाताने कुस्करल्या, गूळ-मीठ घातलं, वरून जिऱ्याची फोडणी. आमसुलाचं सार आमच्याकडे कोणी फडक्यातून गाळत नाही. मीही गाळलं नाही.

दोन घोट घेऊन आई म्हणाली, "घसा खवखवतोय गो."

आमच्याकडे अळू किंवा सुरण खाजलं, की आंबट कमी पडलं असं कोणीही सांगेल. मी चार आमसुलं पिळली आणि वाटी पुन्हा तिच्या हातात दिली.

"आता पी. आता नाय खाजणार."

"नको गो."

"दादाने आणलंय ना? मग पी!"

मी समोर उभी राहिले म्हणून ती प्यायली. खोकून खोकून तिचे डोळे वाहायला लागले. मी स्वतः एक घोट घेतला, तर घशात गवताची कुसळं अडकल्यासारखं झालं. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. उरलेलं सार मी डब्यातून सोबत नेलं होतं, ते डॉक्टरांनी उजेडात धरलं. त्यात बारीक केस तरंगत होते.

"हे फळाच्या आतले," ते म्हणाले. "आंबटाने अळूची खाज जाते. हे टोचतंय. दाट फडक्यातून गाळून घेतलं तर प्यायला हरकत नाही. सांध्यांना थोडा आराम पडेलही, पण गोळ्या सोडू नका."

संध्याकाळपर्यंत खवखव थांबली. आईने दादाला फोन लावला, स्पीकरवर.

"मी तेच सांगत होतो तिला," तो म्हणाला. "गाळून घे म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला."

मला ओरडायचं सोडून आई वाती वळत बसली. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि विषय मिटला असता.

सकाळी उठले तर शेजारची काकू आमच्या ओट्याशी उभी, धोतराच्या दुहेरी फडक्यातून त्या फळांचा चहा गाळत होती.

"तू जा दुकानात," आई म्हणाली. "तुझ्या हाताला घाई फार."

आता ती तो चहा रोज पिते. गुडघे हलके झाले म्हणून आल्यागेल्याला सांगते, लेकाने आणलं म्हणून सांगते. झालेही असतील हलके. वीस वर्षं ते चोळले कोणी, हे मात्र ती कोणाला सांगत नाही. चूक माझी होती, ते मला मान्य आहे. हीच चूक दादाने केली असती तर बिचारा धडपडला, असं ती म्हणाली असती.

काल मी तिला पेज दिली. साधी तांदळाची पेज, मीठ घातलेली. तिने वाटी खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरून आत निरखून बघितलं, आणि मग तोंडाला लावली.