शंका काढायची नाही

रावसाहेबांनी तांब्यात बोटं बुडवली आणि टेबलावर पाणी शिंपडलं. मी नुकताच तिथं नकाशा ठेवला होता. रावसाहेब आमचे मुख्य इंजिनियर, आणि हे रोजचंच. मी नकाशा ठेवायचा, मागं सरायचं, रावसाहेबांनी टेबल शुद्ध करायचं आणि मगच हात लावायचा. त्या दिवशी मात्र थेंब नकाशावरच पडले.

खळ दिलेलं ट्रेसिंगचं कापड ते. पाणी लागलं की खळ फुगते, शाई पसरते. माझ्या डोळ्यांदेखत खांबातल्या सळ्यांचा आकडा विरघळला. इंग्रजी आठाचा उजवा कान गेला. उरला तो सहासारखा दिसत होता.

मी म्हणालो, "साहेब, आकडा फुटला. मी पुन्हा काढून देतो."

"माझ्या हॉलमध्ये शंका एकच. लघुशंका. ती लागली असेल तर बाहेर जा."

नकाशे काढणारा सगळा हॉल हसला. गोविंदरावही हसले. खांबांचं गणित त्यांनीच केलं होतं, आठ सळ्या त्यांच्याच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी मी गप्प बाहेर गेलो.

नाशकात तेव्हा देवळाच्या दारासाठी आमची माणसं मार खात होती. आणि मी, महारवाड्यातला पहिला ओव्हरसियर, पडवीत वेगळ्या टेबलावर बसून नकाशे काढत होतो. नोकरी मिळाली म्हणून आईनं वस्तीभर गूळ वाटला होता. तो गूळ माझ्या तोंडात बोळा होऊन बसला होता.

काम होतं पाण्याच्या उंच टाकीचं. गावाबाहेर, गंगापूरच्या रस्त्याला. गोल खांबांवर सिमेंटचं मोठं भांडं. त्याच संध्याकाळी त्या डागाळलेल्या कापडावरून निळ्या प्रती निघाल्या आणि कामावर गेल्या.

मला साइटवर जायला मनाई होती. काही महिन्यांनी शेवटी राहवलं नाही, गेलो. खांब उभे राहिले होते, वर टाकीही ओतून झाली होती. सळ्या बांधणारे मुकादम रहीमचाचा, मालेगावचे. मी विचारलं, खांबात सळ्या किती?

"सहा. मी इचारलं होतं भाऊ, आकडा पुसट हाय, सहा का आठ? साहेब बोलले, डोळे फुटले का तुझे? मग मला सहा दिसले, सहा बांधले." थोडं थांबून ते म्हणाले, "कमी पडतील का?"

मी खांबांखाली गेलो. खांबांच्या मधे मजुरांच्या झोपड्या होत्या. सावली चांगली पडते म्हणून. एका बाईनं खांबांना दोर बांधून झोळी टांगली होती आणि झोका देत ती पोराशी बोलत होती. मी वर पाहिलं. टाकी अजून रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी पडवी ओलांडून सरळ हॉलमध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. खांबात सहाच सळ्या आहेत. टाकी भरली तर खाली माणसं मरतील.

पेन्सिली थांबल्या. कुणी मान वर केली नाही. मी म्हणालो, "गोविंदराव, तुम्ही सांगा. आठ ना?"

गोविंदराव शाईची दौत पुसत राहिले. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे. पण तिथं मला विचारू नकोस."

रावसाहेबांनी मला पुन्हा आत बोलावलं. आवाज गोड होता. त्या गोडव्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आकडा तुझ्या हातचा. फुटला तोही तुझ्याच हातचा. आता नवा नकाशा काढ. सहा लिही. खाली सही कर. नोकरी राहील."

वर्षभर मी समजत होतो, अपमान फक्त माझा होतोय. गिळला की संपला. तसं नव्हतं. मी गिळलं, गोविंदरावांनी गिळलं, रहीमचाचांनी गिळलं, आणि ते सगळं त्या खांबांत जाऊन बसलं. आता ते त्या झोळीतल्या पोराच्या डोक्यावर होतं.

"सही करणार नाही," मी म्हणालो.

"मग चालता हो."

मी तडक टाकीखाली गेलो आणि झोपडीझोपडीत सांगितलं, इथून उठा. काही उठले. काही मला वेडा म्हणाले. रहीमचाचांनी काम सोडलं. झोळीवाली बाई उठली नाही. जाऊ कुठं, म्हणाली.

टाकी पडली का, असं लोक मला विचारतात. पडली तरच माझं खरं, असं त्यांना वाटतं. अशा खरेपणाची मला चीड येते. टाकी अजून उभी आहे. रिकामी. आता भरायचा दिवस ठरलाय, मांडव घालतायत, रावसाहेब स्वतः पाणी सोडायची झडप उघडणार आहेत असं कळलं.

त्या दिवशी झडपेपाशी मी उभा असेन. परवानगी मागणार नाही, आवाज खाली घेणार नाही. आणि मला तिथून हटवायचं असेल, तर रावसाहेबांना आधी मला शिवावं लागेल.