माझ्या मापाचा कर्नल

मी कॉम्प्युटर शिकवते. देवधर्म घरी, लॅबमध्ये फक्त पुरावा, असा माझा खाक्या. मांजर आडवं गेलं तर मी मांजराची चौकशी करते! तरी हे लिहितेय, कारण मलाच अजून उलगडा होत नाहीये.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा जळकोटला मुलींच्या टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते. लातूर तोडून 'उदगीर जिल्हा होणार' ही चर्चा नेहमीसारखी जोरात होती, पण आमच्या पोरींना हवं होतं फक्त गावात परीक्षा केंद्र. आमची मशीनं चालली नाहीत तर लातूरला जावं लागणार. तिथली होस्टेलं पाण्यावाचून बंद, मुक्कामाची सोय नाही म्हटल्यावर घरचे कशाला पाठवतात? दहा पोरींचं वर्ष गेलं असतं.

दहाही कॉम्प्युटर म्हातारे. परीक्षेचं सॉफ्टवेअर चढवलं की टायपिंग अडकायचं. म्हणून मी लिनक्सचा कर्नल — सिस्टीमचा गाभाच म्हणा — स्वतः बांधायला घेतला. नको ते ड्रायव्हर काढले, कंपायलरला, म्हणजे कोडपासून कर्नल बांधणाऱ्या प्रोग्रामला, वेगाच्या सूचना दिल्या. असा बांधलेला प्रत्येक कर्नल म्हणजे एक बिल्ड, आणि मी प्रत्येक बिल्डला नाव देते. याला दिलं 'पाऊस'. परीक्षेच्या आदल्या दुपारी तो दहाही मशीनवर टाकला, जागा नव्हती म्हणून जुना पुसला... आणि लाईट गेली. चालू करून बघायचं राहिलं.

सकाळी एसटीत बसले आणि आठवलं. बिल्ड केलं होतं माझ्या नव्या लॅपटॉपवर, आणि कंपायलरला सांगितलं होतं, याच प्रोसेसरच्या मापानं बांध! शिंप्यानं स्वतःच्या मापाचा सदरा शिवून गिऱ्हाइकाला द्यावा, तसं. जुन्या मशीनवर तो सुरूच होणार नव्हता. नवा बांधायला दोन तास, परीक्षेला चाळीस मिनिटं. मला चक्क रडू आलं.

लॅबच्या दारात गंगाबाई भेटल्या. झाडलोट त्यांच्याकडे; दर सोमवारी त्या मशीनना विभूती लावायच्या आणि मी त्यांना हसायचे.

"मॅडम, मशिनी चालू करून ठेवल्या की. लई गुमान उठल्या आज."

दहाही स्क्रीन उजळलेले. जुना कर्नल कुठेतरी उरला असेल म्हणून चालू कर्नलचं नाव तपासलं. दहाही ठिकाणी... 'पाऊस'.

"काय केलंत बाई?"

"म्या काय करणार? इभूत लावली अन् सांगितलं, लेकराईचा पेपर हाय, आजचा दिस निभवा."

परीक्षा झाली. एकदाही टायपिंग अडकलं नाही, पोरी सगळ्या पास! पेपर संपल्यावर मी एक मशीन बंद करून पुन्हा लावलं. काळा स्क्रीन. मग दुसरं, तिसरं... दहाही तशीच. त्या 'पाऊस'वर परत कधीच एकही सुरू झालं नाही.

जाणकार मित्र म्हणतात, तुझी बघण्यात चूक झाली. झाली असेल. पण मी दहा वेळा वाचलं होतं ते नाव.

केंद्र जळकोटातच राहिलं. जिल्हा अजून व्हायचाय. मी आता जुन्या मशीनच्या मापानंच बिल्ड करते, दोनदा तपासते. आणि परीक्षेच्या सकाळी, पोरी यायच्या आधी, दार लोटून घेते आणि मशीनना सांगते, पेपर आहे म्हणून.